अर्ज घेतला म्हणजे गुन्हा नोंदवला असं नाही

प्रश्न : नागपूरच्या जरीपटक्यात भाड्याच्या हॉलमध्ये आमच्या ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना चालते. मागच्या रविवारी वीस-पंचवीस जण आत घुसले, शिवीगाळ केली, साउंड सिस्टीम फोडली, पाळकसाहेबांना मारलं. ठाण्यात एनसीचा (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा) कागद हातात ठेवला. आता पुढे?

उत्तर : आधी तो कागद नीट वाचा. त्यावर बहुधा भारतीय न्याय संहितेची ११५(२) आणि ३५२ ही कलमं असतील, म्हणजे साधी मारहाण आणि अपमान. दोन्ही अदखलपात्र. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत आणि प्रकरण तिथंच झोपतं. गाळलं जातं ते कलम ३००, चालू उपासनेत अडथळा आणणं. शिक्षा जेमतेम एक वर्षापर्यंत, पण गुन्हा दखलपात्र. आणि एक जरी कलम दखलपात्र असलं, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या १७४(४) प्रमाणे सगळं प्रकरण दखलपात्र धरावं लागतं.

म्हणून फिर्यादीची सुरुवात ‘आमची उपासना सुरू असताना’ अशीच हवी. पुष्कळ फिर्यादी ‘काही लोक आले व वाद झाला’ इथून सुरू होतात. वाद म्हटलं की दोन गटांचं भांडण झालं. मग क्रॉस एनसी, म्हणजे समोरच्यांची उलट तक्रार, तुमच्यावरही. क्रूस मोडला किंवा बायबल फाडलं असेल तर ते वेगळ्या वाक्यात लिहा, त्याला कलम २९८ लागतं. ओळखीच्या माणसांचीच नावं द्या, बाकीचे ‘अनोळखी, पाहिल्यास ओळखू’. अंदाजानं घातलेलं एक नाव खोटं निघालं की खरी नावंही डळमळतात.

‘धार्मिक भावनांच्या कलमाला सरकारची परवानगी लागते’ असं ऐकवलं जाईल. अर्धं खरं आहे. १९६ (गटांत वैर पसरवणं) आणि २९९ (मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं) या कलमांना मंजुरी लागते ती न्यायालयानं दखल घेण्याआधी, एफआयआर नोंदवायला नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते.

तरीही नाहीच म्हणाले, तर तीच फिर्याद परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टनं पाठवा (ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना) आणि पावती जपा. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली अर्ज करताना शपथपत्रासोबत हीच पावती लागते. ही पायरी गाळल्यामुळे चांगले अर्ज परत आलेले आहेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही.

दोन कामं मात्र आजच करा. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) जुनं चित्रण पुसून त्यावरच नवं घेत जातो, तेव्हा मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत दाबलेली असते आणि कधी घेतली ती माहिती तिच्यातून गळते. फाइल त्याच यंत्रातली आहे असं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दुकानदाराकडून लागेल. दुसरं, पाळकसाहेबांना मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात नेऊन, मार कसा लागला ते सांगून नोंद करून घ्या. सूज उतरल्यावर नेलं तर कागदावर काहीच उरत नाही. आणि हॉलचा भाडेकरार नोंदणीकृत आहे ना? नसेल तर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवेल.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही, पण त्या हॉलच्या शेजारीच राहतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं. साक्ष दिली तर अडकू का?

उत्तर : तुमची साक्ष सगळ्यात वजनदार. मंडळीतल्या दहा जणांचं म्हणणं ‘आपसातलं’ म्हणून झटकता येतं, शेजाऱ्याचं तसं झटकता येत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगा, ऐकीव नको. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१), तेव्हा कोऱ्या किंवा लिहिलेल्या कागदावर सही मागितली तर नम्रपणे नाही म्हणा.

प्रश्न : धर्मांतरित दलित कुटुंबाला मारहाण झाली. अ‍ॅट्रॉसिटी लागेल का?

उत्तर : अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती म्हणून नोंद असलेल्या दलिताला तो मिळत नाही. अन्याय वाटला तरी आज कायदा असाच आहे. आदिवासींना धर्माची अट नाही, गोंड ख्रिस्ती कुटुंबाला हा कायदा लागू होतो.

प्रश्न : बस्तरकडच्या आमच्या नात्यात दफनाला गावानं विरोध केला. नागपूर खंडपीठात जाता येईल?

उत्तर : नाही, बस्तर छत्तीसगडमध्ये आहे, ते बिलासपूरच्या उच्च न्यायालयाचं क्षेत्र आहे. बस्तरमधल्याच छिंदावाडा गावच्या अशाच दफनाच्या प्रकरणात २७ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. एकांनी कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफनाला परवानगी द्यावी म्हटलं, दुसऱ्यांनी नेमून दिलेल्या जागीच. शेवटी दूरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत मूठमाती देण्याचा आदेश झाला. तोवर मृतदेह वीस दिवस शवागारात होता. त्यामुळे ही लढाई मरणाच्या दारात सुरू करू नका. नातेवाइकांना आत्ताच तहसील कार्यालयातून जागेचा खसरा आणि बी-१ (जमिनीचे सरकारी उतारे) काढायला सांगा, आणि दफनभूमी नेमून देण्याचा अर्ज करून त्याची पोच ठेवायला सांगा. अंत्यविधीत कोणी अडथळा आणलाच, तर न्याय संहितेचं कलम ३०१ आहे.

प्रश्न : पीडित कुटुंबांसाठी वर्गणी काढतोय. लंडनचा भाऊही पैसे पाठवतो म्हणतो. कसं घ्यायचं?

उत्तर : भावाचं पासपोर्ट कोणत्या देशाचं? भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. ब्रिटिश नागरिक झाला असेल तर धरतात. नातेवाईक म्हणून तो तुम्हाला घरखर्चाला पैसे देऊ शकतो, पण ते चर्चच्या कामाला वळवले की विदेशी देणगी कायद्याचा भंग होतो. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाही असे पैसे दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत.

गावातली वर्गणी मात्र सोपी आहे. पैसे कुटुंबाच्या हातात रोख देण्यापेक्षा दवाखान्याचं बिल, घरभाडं, शाळेची फी परस्पर भरा. बिल कुटुंबाच्याच नावानं हवं. आवाहनात फोटो घालायचा तर आधी विचारा. घरातल्या कर्त्या माणसानं हो म्हटलं तरी बाईला वेगळं विचारा. गावाचं नाव, घरामागची पाण्याची टाकी, मुलाच्या गणवेशावरचा बिल्ला, एवढ्यावरून घर सापडतं.