भिंती कशाच्या हायत?

परदेशी निघालेली जोडपी माझ्याकडे येतात तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो, मॅडम तिकडे सेफ आहे ना? कुणाला अमेरिकेतल्या बंदुकांची भीती, कुणाला आखातातल्या युद्धाची, कुणाला कॅनडातल्या एकटेपणाची. आज जपानचं सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

नवरा पुण्यात आयटीत, त्याला टोकियोची तीन वर्षांची ऑफर. बायको औसा तालुक्यातली, किल्लारीच्या जवळच्या गावची. 30 सप्टेंबर 1993 ला ती चार वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमलेलं गाव गाढ झोपलेलं आणि पहाटे चारच्या आत भूकंपाने सगळं खाली आलं. आजी भिंतीखाली गेली, हिला वडिलांनी, अण्णांनी, हाताला धरून ओढून काढलं. तिला स्वतःला फक्त तोंडात गेलेली माती आठवते, बाकी सगळं ऐकलेलं.

जपान म्हणजे भूकंप, म्हणून ती जायला घाबरत होती, आणि नवरा दोन महिने तिला आकडे दाखवत होता. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली, जपानमध्ये 2,610, म्हणजे आपली लोकसंख्या अकरा पट धरली तरी आपल्याकडेच धोका कितीतरी जास्त, मी रोज टू-व्हीलरवर हिंजवडीला जातो त्याची तुला भीती वाटत नाही का, वगैरे. चुकीचं काहीच बोलत नव्हता तो. पण तो आकडा सांगायला लागला की ती गप्प व्हायची आणि त्याला वाटायचं पटलं.

मी त्याला म्हटलं तुम्ही जरा थांबा, आणि तिला विचारलं, रात्री झोपताना काय काय करतेस? ती आधी बोलेचना. मग म्हणाली, पलंगाला लागून चप्पल आणि बॅटरी ठेवते, बेडरूमची कडी लावत नाही. नवरा म्हणाला, लग्न झाल्यापासून हेच चाललंय मॅडम, चप्पल उचलली तर रागावते.

मी सांगितलं, जपानमध्ये लोकांना नेमकं हेच शिकवतात. उशाशी बॅटरी आणि पायाशी बूट ठेवा, कारण भूकंपात काचा फुटतात आणि अंधारात अनवाणी चाललं की पाय कापतात. ती माझ्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं घरात ज्याला वेड म्हणायचे ते तिकडे शहाणपणात मोजतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी तिला घरी अण्णांशी बोलायला सांगितलं. तोवर भीतीपोटी त्यांना काही कळवलंच नव्हतं. पुढच्या वेळी आली ती त्यांचं वाक्य घेऊन. अण्णा म्हणाले होते, "भुई हालतीच गं. भिंती कशाच्या हायत ते इचार."

मला त्यानंतर फार काही सांगायची गरज उरली नाही खरं तर. किल्लारीचा भूकंप 6.2 च्या आसपासचा, जपानच्या मानाने मध्यम, पण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं, त्यामुळे सुमारे 10 हजार माणसं गेली. जपानमध्येही 1995 ला कोबे शहराच्या भूकंपात 6,434 माणसं गेली, त्यात बहुतेक जुन्या लाकडी घरांखाली. जून 1981 पासून तिथे बांधकामाचे नियम कडक झाले आणि त्यानंतरच्या इमारती कोबेत बऱ्याच चांगल्या टिकल्या. म्हणजे "जपान सेफ आहे का" या प्रश्नाला उत्तरच नाही हो, घर कुठल्या सालचं आणि कुठल्या गल्लीतलं याला उत्तर आहे. देश बघून घाबरायचं किंवा देश बघून निर्धास्त व्हायचं, दोन्हीत घोटाळा आहे.

आणि गल्लीचं बघायला गेलो तर दुसरंच निघालं. नवऱ्याला निशी-कासाईत राहायचं होतं, टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, तिथे भारतीय खूप, किराणा मिळतो, भारतीय शाळा आहे, 2019 ला तर योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस तिथल्या वॉर्डसभेत निवडून आला. पण त्याच वॉर्डाचा सुमारे 70 टक्के भाग भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीखाली आहे, आणि वॉर्डाने 2019 ला काढलेल्या पुराच्या नकाशात स्पष्ट लिहिलंय की मोठा पूर येणार असेल तर इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा. भूकंपाचीच चर्चा चाललेली, पाण्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. 2011 च्या जपानमधल्या मोठ्या भूकंपात सुद्धा बहुतेक माणसं त्सुनामीच्या पाण्यानेच गेली, भिंतींनी नाही.

मग सोडायचं का निशी-कासाई? माझं मत नाही असंच होतं, आणि मी ते सांगितलं. परक्या भाषेत स्पीकरवर सूचना चालू झाल्या की दार वाजवून "चला" म्हणणारं माणूस शेजारी असणं हा सुद्धा बचावच आहे. फक्त तळमजला नको, 1981 नंतरची इमारत हवी आणि पुराच्या वेळी कुठे जायचं ते आधी ठरलेलं हवं.

खरी किंमत दुसरीकडे होती. डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं आणि ही इथे फुलटाइम अकाउंट्स बघते. अण्णांना त्या व्हिसावर नेता येत नाही, तो नवरा-बायको आणि मुलांपुरताच. यावर ती माझ्यासमोर रडली, भूकंपावर एकदाही रडली नव्हती. नवऱ्यानेच म्हटलं, तीन नाही, दोन वर्षं, आणि दर दिवाळीला तू औशाला. कंपनीशी बोलून त्याने तसं मेलवर लिहूनही घेतलं, तेव्हाच तिने हो म्हटलं.

गेल्या महिन्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. पाचवा मजला, 2004 ची इमारत. पहिल्याच आठवड्यात फोनवर अलर्ट वाजला, दिवा हलला, ती चप्पल घालून टेबलाखाली बसली आणि मग थांबलं. संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉल लावून तिने कोपऱ्यातला काँक्रीटचा खांब टकटक वाजवून दाखवला. अण्णा म्हणाले, आवाज आला न्हाई, परत वाजव.