'पुनरुत्थानाच्या आशेने' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आलाय की एका ख्रिस्ती मित्राचे वडील वारले, त्याच्या मेसेजमध्ये 'पुनरुत्थानाच्या आशेने प्रभूमध्ये झोपी गेले' असं वाक्य होतं, तर पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्मच का, आणि 'आशेने' लिहिलंय म्हणजे त्यांना स्वतःलाच खात्री नाही असं समजायचं का?

आधी पहिलं. पुनर्जन्म नाही. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो कारण दोन्ही शब्दांत 'पुनर्' आहे आणि लक्ष तिथेच अडकतं, पण खरा अर्थ पुढच्या तुकड्यात आहे. उत्थान म्हणजे उद् अधिक स्था, वर उभं राहणं, आपलं रोजचं 'उठणं' पण याच घरातलं. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातला, मूळ ग्रीक शब्द आहे अनास्तासिस, त्यात अना म्हणजे वर आणि स्तासिस म्हणजे उभं असणं, आणि ते स्तासिस आपल्या स्था धातूचं सख्खं भाऊबंद. म्हणजे ज्याने कोणी मराठीत हा शब्द बसवला त्याने ग्रीक शब्दाचा सांधा न् सांधा जुळवलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप आनंद झाला होता.

आता फरक बघा. पुनर्जन्मात जीव तोच पण देह नवा, नाव नवं, नातीगोती नवी. पुनरुत्थानात जो आडवा पडला तोच उठतो, देहासकट. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या पुस्तकात, उठलेला येशू थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो आणि लूकच्या शुभवर्तमानात तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, हे तपशील उगाच नाहीत, हा भास नाही आणि दुसराच कोणी नाही हे सांगायला आहेत. पण तो देह जसाच्या तसा जुनाही नाही, पौल, म्हणजे सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक ज्याची पत्रं नव्या करारात आहेत, करिंथकरांना लिहिताना बियाणाची उपमा देतो, पेरतो तो नुसता दाणा आणि वर येतं ते रोप, दाण्यातूनच येतं पण दाण्यासारखं दिसत नाही.

अजून एक शब्द इथे मध्ये येतो, पुनरुज्जीवन. येशूचा मित्र लाजर चार दिवस कबरेत होता आणि येशूने त्याला हाक मारून बाहेर बोलावलं, त्याला मी पुनरुज्जीवन म्हणेन, कारण लाजर पुढे कधीतरी परत मेलाच असणार. ख्रिस्त मात्र उठल्यावर परत मरत नाही असं पौल रोमकरांना स्पष्ट लिहितो. पेपरात दोन्ही शब्द कशालाही लावतात, बंद पडलेल्या योजनेचं पुनरुत्थान वगैरे, ते चालू द्या, पण या वाक्यात फरक पाळावा.

'झोपी गेले' हे फक्त मरणाचं गोड नाव आहे असं वाटू शकतं. ते त्याहून जास्त आहे. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना मेलेल्यांसाठी झोपेचंच क्रियापद वापरलंय आणि त्याच धातूवरून ग्रीकमध्ये झोपायच्या जागेला कोइमेतेरिऑन म्हणत, ख्रिस्ती लोकांनी तो शब्द दफनाच्या जागेला लावला, आजचं इंग्रजी सिमेटरी तिथूनच आलंय. झोपलेल्याला उठवता येतं, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. मार्कच्या शुभवर्तमानात याईर नावाच्या माणसाची मुलगी गेलेली असते, येशू तिचा हात धरतो आणि म्हणतो 'तलिथा कूम', मुली, ऊठ. घरात सकाळी लेकराला उठवताना म्हणतात तसंच. आणि नंतर सांगतो, हिला काही खायला द्या.

आता आशा. इथे मराठी आपल्याला जरा चकवते. आपली आशा बहुतेक वेळा डगमगती असते, खोटी आशा, आशेला लावणं, डॉक्टरांनी आशा सोडली, आणि सुभाषितात तर ती साखळीच आहे, बांधलेले धावतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. त्यामुळे 'आशेने' वाचलं की 'झालं तर बरं' असं ऐकू येतं. नव्या करारातली आशा तशी नाही, ती मिळालेल्या वचनाची वाट बघणं आहे, आणि वचन देणाऱ्याने एकाला आधीच उठवलंय म्हणून पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, पहिलं फळ हाती आलं की बाकीचं पीक येणारच. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात दफनाच्या वेळच्या वाक्यात या आशेला पक्की आणि खात्रीची अशी दोन विशेषणं जोडलीयत, म्हणजे हा गैरसमज इतर भाषांतही होत असणार.

नव्या करारातल्याच 'इब्री लोकांस पत्र' या पुस्तकात या आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. मराठीत नांगर शेताचाही आणि जहाजाचाही, तर हा जहाजाचा. रोममधल्या भुयारी दफनजागांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर हाच नांगर कोरलेला सापडतो. नांगर पाण्याखाली असतो, दिसत नाही, वर लाटा चालूच असतात, फक्त दोर ताणलेला हाताला लागतो.

मला हे शब्द खरे कळले ते आईच्या शेवटच्या महिन्यात. ती स्वतःहून उठू शकत नव्हती, दिवसातून कितीदा म्हणायची 'मला उठव गं', मी पाठीखाली हात घालून बसवायचे, दोन मिनिटांत परत आडवी व्हायची. डॉक्टर म्हणाले आता आशा नाही, त्यांचं त्यांच्या अर्थाने बरोबरच होतं. त्या रात्री मी तिच्याजवळ बसून योहानाचा अकरावा अध्याय वाचला, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' इथवर आले आणि मला तिचं 'मला उठव'च ऐकू आलं, पुढचं वाचता येईना.

त्याच अध्यायात पुढे येशू रडला असं आहे, लाजरला आता उठवणार हे माहीत असूनही. पौलही रडू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतो. तेव्हा मित्राच्या त्या वाक्यावरून 'यांना दुःख झालं नसेल' असा अर्थ काढू नका. त्याला उत्तर देताना 'पुढच्या जन्मी' वगैरे टाळा, पुनरुत्थान हा शब्द तुमचा नसेल तर तोही ओढूनताणून घालायची गरज नाही, 'तुझ्या दुःखात मी सोबत आहे' एवढं लिहा आणि जमलं तर वडिलांना त्यांच्या नावाने आठवा, कारण त्याच्या विश्वासात त्याच नावाने हाक मारून त्यांना उठवलं जाणार आहे.