'बिबा उतला' म्हणजे ॲलर्जी झाली का?

प्रश्न असा आहे की, भेगांना बिब्याचे तेल लावल्यावर पाय सुजून फोड आले म्हणजे आपण 'बिबा उतला' म्हणतो, तर या उतण्याला ॲलर्जी म्हणावे काय आणि हे क्रियापद दूध उतू जाण्यातलेच काय.

दुसरा भाग सोपा आहे. क्रियापद तेच; आतून फुगून मर्यादेबाहेर जाणे हा त्याचा अर्थ व्रतकथांतल्या 'उतू नकोस, मातू नकोस' या बजावणीतही आहे.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये ग्रीकमधील 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थाच्या शब्दांपासून घडवला. एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराने पुढे त्याच्याशी निराळ्या रीतीने वागणे, हे त्यांना सांगायचे होते. बिब्याच्या तेलातले भिलावनोल हे रेणू इतके लहान असतात की एकट्याने ते प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाहीत. मात्र त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटले की ती आपलीच प्रथिने यंत्रणेला परकी वाटू लागतात. प्रतिकारयंत्रणेला जागे करणाऱ्या पदार्थाला प्रतिजन म्हणतात; अशा अर्ध्या प्रतिजनाला प्रतिकारशास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनी 1921 मध्ये 'हॅप्टेन' हे नाव दिले, आणि त्याच्याही मुळाशी धरणे, चिकटणे या अर्थाचे ग्रीक क्रियापद आहे. त्वचेतील पेशी हे जोड-प्रथिन लसीकाग्रंथींपर्यंत नेतात, तिथे त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) तयार होतात, आणि पुढच्या संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांत त्या त्वचेवर चाल करून येतात. म्हणजे व्याकरणात कर्ता बिबा असला, तरी उततो तो आपलाच प्रतिकार.

तरीही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येणार नाहीत. बिब्याचे तेल मुळातच दाहक असल्याने पहिल्याच वेळी, ॲलर्जी नसलेल्याच्या अंगावरही, ते फोड आणू शकते, आणि बोलताना आपण त्यालाही उतणेच म्हणतो. 'उतणे' दिसणाऱ्या परिणामाचे वर्णन करते, 'ॲलर्जी' कारण सांगते. काही मिनिटांत गांधी येतात तेव्हा मात्र मराठी माणूस 'पित्त उठले' म्हणतो. त्यात ॲलर्जी असलीच तर ती टी-पेशींची नसून प्रतिपिंडांची (परक्या पदार्थाला ओळखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची), तात्काळ प्रकारची असते. बोलीने हे दोन प्रकार वेगळ्या क्रियापदांनी ओळखावेत, आणि 'ॲलर्जी'ने ते पुन्हा एका पोत्यात भरावेत, याची मला गंमत वाटते.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना, धोब्याने बिब्याने कपड्यांवर केलेल्या खुणांच्या नेमक्या जागी पुरळ येत असे. ते उतणे निःसंशय ॲलर्जीचे होते. आंबा आणि काजू बिब्याच्याच कुळातले असून आंब्याच्या चिकात व काजूच्या टरफलातील तेलात भिलावनोलशी मिळतीजुळती द्रव्ये असतात. तेव्हा आंबे उतरवताना चीक लागून दोन दिवसांनी तोंड सुजले, तर 'चीक उतला' म्हणण्यास भाषेच्या किंवा वैद्यकाच्या बाजूने मला हरकत दिसत नाही.