पार्किंगचे तीन लाख रोख द्यायचे का?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. हातात महिन्याला 1 लाख 35 हजार येतात, शिल्लक 21 लाख आहे. पहिलंच घर घेतोय. पिंपरी-चिंचवडमध्ये दोन फ्लॅट नजरेत आहेत. एक 2012 च्या सोसायटीतला, 720 चौरस फूट कार्पेट, 62 लाख. त्यात सामान ठेवायचे दोन माळे, 4 बाय 5 ची स्टोअररूम आणि ड्राय बाल्कनी आहे. मालक म्हणतात, स्टिल्टमधल्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगचे 3 लाख वेगळे आणि रोख. दुसरा नवा, पूर्णत्वाचा दाखला मिळालेला, 690 चौरस फूट. फ्लॅटचे 63 लाख आणि यांत्रिक स्टॅक पार्किंगचे (यंत्राने एकावर एक गाड्या लावायच्या जागेचे) साडेतीन लाख, सगळं करारात. पण माळा नाही, स्टोअर नाही. सध्या आमच्याकडे दोन स्कूटर आहेत, दोन वर्षांत गाडी घेऊ. शेजारच्या आवारात महिना 1,800 रुपयांत गाडी लावायला जागा मिळते. कोणता घ्यावा?

उत्तर: तीन लाख रोख देऊ नका. घर कोणतं घ्यायचं ते पुढे बघू, पण हे आधी पक्कं करा.

मालक जे विकतायत ते बहुधा त्यांचं नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की स्टिल्टखालची किंवा उघडी पार्किंगची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे. मोफा या महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट-विक्री कायद्याखाली बिल्डर ती फ्लॅटसारखी सुटी विकू शकत नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात येते. तुमची पहिली इमारत या निकालानंतरची, पण रेरा या नव्या गृहप्रकल्प कायद्याच्या आधीची. तिथे स्टिल्टची जागा सोसायटीच्या ताब्यात असते आणि सोसायटी ती सभासदाला वापरायला देते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला ती जागा परस्पर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील, तर वर्षाला चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याचीही तरतूद आहे. म्हणजे आज मालकांची गाडी 14 नंबरच्या खांबाशी उभी दिसते, म्हणून उद्या तुमचीही तिथेच उभी राहील असं नाही.

रोखीचे तोटे वेगळेच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. दंड घेणाऱ्याला होतो, पण नुकसान तुमचंही होतं. करारात नसलेल्या रकमेवर बँक कर्ज देत नाही. पुढे फ्लॅट विकाल तेव्हा हे तीन लाख खरेदी किमतीत धरता येत नाहीत. आणि सोसायटीने पार्किंग नाकारलं तर पैसे परत मागायला हातात कागद नसतो. शिवाय व्यवहार 50 लाखांच्या वरचा असल्याने तुम्हाला मालकांच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून भरायचा आहे. 2019 च्या सप्टेंबरपासून त्या रकमेत पार्किंगचं शुल्कही धरावं लागतं.

आता तुमची शिल्लक बघू. जुन्या फ्लॅटच्या 62 लाखांवर बँक जास्तीत जास्त 80 टक्के देईल, म्हणजे 12 लाख 40 हजार तुमचे. 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्क 4 लाख 34 हजार, नोंदणी 30 हजार, सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य कमाल 25 हजार, आणि दलाल 1 टक्का घेत असेल तर 62 हजार. बेरीज 17 लाख 91 हजार. त्यात तीन लाख रोख मिळवले की 21 लाखांतले फक्त 9 हजार उरतात. पंखे-ट्यूबलाइटसुद्धा क्रेडिट कार्डावर घ्याव्या लागतील. रोख न देता तुमच्याकडे 3 लाख 9 हजार राहतात, म्हणजे जेमतेम सात हप्त्यांची सोय. पहिल्या घरासाठी मी याहून फार कमी शिल्लक चालवून घेणार नाही. जाता जाता, खरेदी फक्त पत्नीच्या नावाने झाली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का, म्हणजे 62 हजार वाचतात. दोघांच्या नावाने घेतली तर ही सवलत नाही. मात्र ज्याचं नाव मालकीत नाही त्याला गृहकर्जाची करसवलतही मिळत नाही, तेव्हा दोन्ही आकडे मांडूनच ठरवा.

नव्या फ्लॅटच्या साडेसहासष्ट लाखांवर तुमचा वाटा 13 लाख 30 हजार, मुद्रांक 4 लाख 65 हजार 500, नोंदणी 30 हजार. एकूण 18 लाख 25 हजार 500. पूर्णत्वाचा दाखला आधीच मिळाल्याने जीएसटी नाही. उरतात पावणेतीन लाख, पण त्यातून आगाऊ देखभाल शुल्क आणि कपाटं करायची आहेत. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी जुन्या फ्लॅटचा हप्ता साधारण 43 हजार आणि नव्याचा 46,200. तुमच्या पगाराला दोन्ही झेपतात. अडचण हप्त्याची नाही, हातात काय उरतं याची आहे.

या नव्या पार्किंगची जमेची बाजू म्हणजे कागद. झाकलेलं पार्किंग बिल्डर विकू शकतो, उघडं नाही, हे महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) जुलै 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. एप्रिल 2024 च्या आदेशानुसार पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा वाटपपत्राच्या आणि कराराच्या जोडपत्रात लिहावी लागते. हे जोडपत्र मागून घ्या आणि फीता घेऊन खाली उतरा. मोटारीच्या जागेचं नेहमीचं माप अडीच मीटर बाय पाच मीटर. स्विफ्टची रुंदी 1.735 मीटर आहे. दार उघडून उतरायला एका बाजूला निदान 60 सेंटिमीटर लागतात. शेजारी खांब असेल तर माप खांबाच्या कडेपासून घ्या, रंगवलेल्या पट्टीपासून नव्हे. उंची तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जागेत चेंबरचं झाकण किंवा पाण्याच्या टाकीचं तोंड नाही ना, तेही बघा. टाकी धुवायची असेल त्या दिवशी गाडी हलवावी लागते.

तुमचं पार्किंग स्टॅकचं असल्याने आणखी एक गोष्ट विचारा: प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे निघते, की खालची काढल्याशिवाय वरची उतरत नाही? साध्या दुमजली स्टॅकमध्ये खालची गाडी काढावीच लागते. खालचा शेजारी रात्रपाळीला असेल, तर सकाळी साडेआठला तुम्ही त्याच्या दाराची बेल वाजवत उभे. पझल पद्धतीत, जिथे खण आडवे-उभे सरकतात, ही कटकट नसते. उंची-वजनाची मर्यादा यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेली असते. दोन वर्षांनी क्रेटासारखी गाडी घ्यायचं मनात असेल, तर तिची उंची 1.635 मीटर आहे. दीड मीटरच्या खणात ती जाणार नाही. वीज गेल्यावर यंत्र जनरेटरवर चालतं का, देखभालीचा करार संपल्यावर खर्च सगळी सोसायटी भरणार की फक्त स्टॅकवाले, हे लेखी विचारा. यंत्राची मोठी दुरुस्ती निघते तेव्हाच याचं उत्तर महत्त्वाचं ठरतं, आणि तोवर बिल्डर निघून गेलेला असतो. अशा जागेला साध्या झाकलेल्या पार्किंगइतका भाव देऊ नये.

पार्किंग विकत घेणं फायद्याचं आहे का? निव्वळ गाडी लावायची म्हटली तर नाही. साडेतीन लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास 29 हजार 750, त्यात मुद्रांकाचे साडेचोवीस हजार एकदाच. भाड्याची जागा वर्षाला 21 हजार 600. आणि तुमच्याकडे अजून गाडीच नाही. तरीही पार्किंगला किंमत आहे, ती पुढच्या गिऱ्हाइकामुळे. या भागात साठ लाखांच्या पुढचा दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला येणाऱ्या बहुतेकांकडे गाडी असते. ‘पार्किंग आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं की ते भावावर घासाघीस करत नाहीत, घर न बघताच पुढे जातात. बिनपार्किंगचा फ्लॅट विकला जातो, पण थांबावं लागतं, आणि घाईत विकायची वेळ आली तर पार्किंगच्या किमतीहून जास्त सोडावं लागतं. ठाणे किंवा डोंबिवलीत स्टेशनला लागून असलेल्या वन बीएचकेला हा नियम इतका कडक लागत नाही. तिथे लोक लोकलपर्यंतचं चालायचं अंतर आधी विचारतात.

साठवणीच्या जागेचं गणित उलटं आहे. तिला बाजार वेगळे पैसे देत नाही. बँकेचा मूल्यांकनकार माळे मोजत नाही, ड्राय बाल्कनी रेराच्या कार्पेटमध्ये येत नाही. पण रोज राहणाऱ्याला ती लागते. तुमच्या जुन्या फ्लॅटचा दर चौरस फुटाला साधारण 8,600 पडतो, म्हणजे 20 चौरस फुटांच्या स्टोअरला तुम्ही पावणेदोन लाखांच्या आसपास देताय. नव्या फ्लॅटमध्ये तेवढंच सामान ठेवायला बेडरूममध्ये 8 फूट रुंद, 2 फूट खोल, छतापर्यंतचं कपाट लागेल. त्याखाली 16 चौरस फूट जमीन जाते, 9,130 च्या दराने 1 लाख 46 हजारांची. वर 72 चौरस फूट दर्शनी कपाट, सुतार 1,500 चा दर लावेल असं धरलं तर 1 लाख 8 हजार. म्हणजे पार्किंगशिवायच्या किमतीत दिसणारा एका लाखाचा फरक प्रत्यक्षात दोन लाखांच्या वर जातो. नवी इमारत मायवान पद्धतीची (साच्यात काँक्रीट ओतून उभारलेली) असेल तर भिंती काँक्रीटच्या. नंतर भिंत फोडून कोनाडा किंवा माळा काढता येणार नाही.

मात्र जुने माळे डोळे झाकून चांगले धरू नका. बाथरूमवरच्या माळ्याचं तोंड मोजा. आत सव्वादोन फूट उंची असली तरी तोंड दहा इंचांचं असेल तर मोठी प्रवासी बॅग, गाद्या, गणपतीचं मखर बाहेरच राहतं. मग टॉर्च घेऊन माळ्याचं छत बघा. पांढरा खार किंवा फुगलेलं प्लास्टर दिसलं तर वरच्या बाथरूमची गळती आहे, आणि तिथे ठेवलेलं वर्षाचं धान्य पावसाळ्यात जाईल. जिन्यात, डक्टमध्ये किंवा पार्किंगच्या खांबाला टेकवून कपाट ठेवता येईल असं कोणी सांगितलं तर ती साठवण मोजू नका. अग्निसुरक्षेच्या नियमांत ती बसत नाही आणि सोसायटी नोटीस देते.

माझा कल जुन्या फ्लॅटकडे आहे, पण मालकांच्या अटींवर नाही. विसार देण्याआधी सोसायटीकडून सचिवांच्या सहीचं पत्र घ्या: एकूण फ्लॅट किती, पार्किंगच्या जागा किती, या फ्लॅटला कोणत्या क्रमांकाची जागा कोणत्या ठरावाने दिली, आणि ती नव्या सभासदाकडे चालू राहणार का. नुसत्या ना हरकत दाखल्यावर समाधान मानू नका, त्यात पार्किंगचा उल्लेख असेलच असं नाही. पत्रासोबत सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा.

पत्र स्पष्ट आलं तर एकूण 63 लाखांपर्यंत जा, सगळे धनादेशाने आणि करारात. त्याने तुमचा वाटा आणि मुद्रांक मिळून 27 हजारच वाढतात. करारात ‘पार्किंग विकलं’ असं लिहू नका. सोसायटीने दिलेला वापराचा हक्क सोसायटीच्या संमतीने पुढे चालेल, असं लिहा. पत्रात चिठ्ठ्यांची पद्धत दिसली किंवा सोसायटी पत्रच देईना, तर फ्लॅट बिनपार्किंगचा धरा आणि 60 लाखांच्या वर जाऊ नका. गाडी येईल तेव्हा 1,800 ची जागा आहेच. मालक रोखीवर अडून बसले तर नव्या फ्लॅटकडे वळा, पण तिथेही स्टॅकच्या साडेतीन लाखांत निदान लाखभर कमी करून मागा आणि गाडी त्या खणात बसते याची खात्री करा. दोन्हीकडे विसार पावतीत एक ओळ घाला: पार्किंगचे कागद 30 दिवसांत आले नाहीत तर विसाराची पूर्ण रक्कम परत.