कोलेस्टेरॉलची गोळी आणि ऑपरेशनआधीचे उपचार

प्रश्न : यजमानांना गुदाशयाचा कर्करोग आहे. ऑपरेशनआधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या चालू आहेत. हृदयासाठी ते बऱ्याच वर्षांपासून ॲटोर्व्हास्टॅटिन घेतात. त्याने गाठ लवकर विरघळते असं नणंदबाई म्हणतात. डोस दुप्पट करू का?

उत्तर : ताई, डोस वाढवू नका. मात्र नणंदबाईंचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. स्टॅटिन (ॲटोर्व्हास्टॅटिन ज्या गटातलं आहे ते कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्या वाटेवर कोलेस्टेरॉलखेरीज काही स्निग्ध रेणूही तयार होतात. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारं ‘रास’ प्रथिन त्यांच्याच आधाराने पेशीच्या पडद्याला चिकटतं. म्हणून संशोधकांना यात रस आहे. जुन्या नोंदींच्या काही अभ्यासांत, स्टॅटिन घेणाऱ्यांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्करोगपेशी न सापडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण ही माणसं मुळात नियमित तपासण्या करणारी, औषधं न चुकवणारीही असू शकतात! श्रेय गोळीचं की स्वभावाचं, हे नोंदी सांगत नाहीत.

जास्त डोसने स्नायू दुखावतात, क्वचित मूत्रपिंडालाही फटका बसतो. केमोत तोंडाला बुरशी झाली आणि तिच्यावर फ्लुकोनॅझोल सुरू झालं, तर ॲटोर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण आणखी चढतं.

हृदयासाठीची गोळी मात्र परस्पर बंदही करू नका. ऑपरेशनच्या काळातही ती सहसा चालूच ठेवतात. कर्करोगतज्ज्ञांना आणि भूलतज्ज्ञांना सगळ्या औषधांची यादी दाखवा. अंग दुखून लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी फोन करा.