समुद्राला न मिळणाऱ्या नद्या असतात का?

प्रश्न: आमच्याकडे धुळ्यात पांझरा उन्हाळ्यात कोरडी पडली की माझा पाचवीतला मुलगा विचारतो, आई, पाणी मध्येच संपलं तर नदी समुद्रापर्यंत पोचते कशी? कधीच न पोचणाऱ्या नद्या असतात का?

उत्तर: ताई, पोराने अगदी नेमकं विचारलंय. पांझरेचं आधी सांगते, ती आटली तरी तिची वाट मोकळीच आहे, पाऊस झाला की ती तापीला जाऊन मिळते आणि तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला. पण खोलगट कोरड्या मुलखात जिथे समुद्राकडे उतारच नाही, किंवा ऊन इतकं की पाणी पोचायच्या आतच उडून जातं, तिथल्या नद्या खरंच मध्येच संपतात. लांब कशाला, राजस्थानातली लुणी घ्या, अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, ४९५ किमी वाहते आणि कच्छच्या रणात जिरते. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोड, पुढे खारट! गुजरातेतल्या बनास, सरस्वती, रूपेण याही कच्छच्या छोट्या रणातच संपतात, तिकडे त्यांना कुंवारिका म्हणतात, सागराशी लग्न न झालेल्या. मला हे नाव फार आवडतं.

खारट का, ते घरीच दाखवा त्याला. बोअरचं थोडं पाणी ताटलीत घेऊन एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा, पाणी उडालं की तळाला पांढरा थर दिसेल. राजस्थानातल्या सांभर सरोवराचं तसंच आहे, नद्या पाणी आणतात, ऊन पाणी नेतं, मीठ तिथेच राहतं.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचं मात्र वाचलं की माझ्या पोटात कालवतं, कारण मी कापसाच्याच घरातली. नाव समुद्र, पण ते चारी बाजूंनी बंद सरोवर, १९६० साली जगात चौथ्या नंबरचं, अमू दर्या आणि सिर दर्या या दोनच नद्यांवर जगणारं. सोव्हिएत सरकारने कापसासाठी दोन्हींचं पाणी वळवलं, कितीतरी कालवे अस्तर नसलेले, त्यामुळे बरंच पाणी वाळूतच मुरलं, आणि सरोवर आटत जाऊन त्याचे तुकडे पडले. उत्तरेकडच्या तुकड्याला २००५ साली कोकअरल धरण बांधलं तेव्हा तिथे पाणी चढलं, मासेही परत आले. दक्षिणेला मुयनाक नावाचं बंदर होतं, ते मुलाला नकाशात शोधायला सांगा, तिथल्या मच्छीमार बोटी आजही गंजून वाळूत उभ्या आहेत.