विक्रेता नुसत्या तारखा देत असेल तर

ऑनलाइन घेतलेलं वॉशिंग मशीन तिसऱ्याच आठवड्यात बंद पडलं, विक्रेता रोज फोनवर "दोन दिवसांत बघतो" म्हणतो आणि पैसे मागितले की "विकलेला माल परत घेत नाही" असं ऐकवतो, हे तुमचं गाऱ्हाणं.

आधी फोन करणं थांबवा. एका फ्रिजपायी मी दीड महिना असेच फोन केले. तक्रार करायची वेळ आली तेव्हा हातात काय, तर कुणाला किती वाजता फोन लावला याची यादी! पलीकडचा काय कबूल झाला होता, त्याचा कुठे मागमूस नाही. म्हणून आजच ईमेल करा. बिल क्रमांक, खरेदीची तारीख, बिघाड काय आणि कधीपासून, आणि तुम्हाला दुरुस्ती हवी, बदली हवी की पैसे, ते एकदाच ठरवून लिहा. उत्तराची तारीखही घाला. "लवकरात लवकर" लिहिलंत तर ती लवकर कधी उगवायचीच नाही. मेलमध्ये मनस्तापाची कहाणी वगैरे नको. त्याचा फोन आलाच, तर ठेवल्याबरोबर "आत्ता आपलं असं बोलणं झालं" असा मेल टाका.

माल परत न घेण्याबद्दल तो दोन गोष्टींची सरमिसळ करतोय. आवडलं नाही म्हणून परत करणं वेगळं, सदोष निघणं वेगळं. सदोष मालाची जबाबदारी दुकानातल्या पाटीने झटकता येत नाही, हे बहुतेक देशांच्या ग्राहक कायद्यात आहे.

आता महत्त्वाचं: पैसे कसे दिलेत? कार्डाने दिले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याला गेलेले पैसे परत फिरवून, मागता येतो. तुमची बँक व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड नेटवर्कमार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे दावा लावते आणि मग विक्रेत्याला कागद दाखवून आपली बाजू मांडावी लागते. इथे तो मेल कामाला येतो, कारण आधी विक्रेत्याकडे दाद मागितली होती का, हे बँक विचारतेच. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा बहुतेक दाव्यांना साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण बँका त्याआधीच अर्ज मागतात. विक्रेत्याचे "दोन दिवस" मोजत बसलात तर ही मुदत हातची जाते. थेट खात्यावर पैसे पाठवले असतील तर ही वाट सहसा नसते. मग ग्राहक तक्रार यंत्रणा, आणि तिथेही हेच कागद लागतात.

एक सावधगिरी. वैतागून जाहीर तक्रार लिहिली की काही वेळात "कस्टमर केअर"चा फोन येतो. गोड बोलतात, परताव्यासाठी लिंक पाठवतात, पिन किंवा ओटीपी मागतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तो फक्त पैसे देतानाच लागतो. मशीन गेलंच आहे, खातंही रिकामं व्हायचं.

आणि तुम्ही जोडलेल्या बिलाच्या फोटोत तुमचा मोबाइल नंबर स्पष्ट वाचता येतोय. तो आधी झाका, मेल नंतर लिहा.